जुळते, जुळत नाही

काउंटीच्या इमारतीचं तळघर. एरवी इथे
बर्फ उपसायच्या गाड्यांचे सुटे भाग असतात.
नोव्हेंबरात आम्ही असतो, जोडीजोडीने.
मार्जीन टॉलिव्हर एका पक्षाची, मी दुसऱ्या.
कायदा म्हणतो, एकमेकींवर विश्वास नाही ना?
मग खुर्च्या जवळ घ्या.

पडद्यावर डावीकडे पाकिटावरची सही,
उजवीकडे दप्तरातली जुनी.
नाव दिसतं, पत्ता दिसतो, मत दिसत नाही.
ते आत आहे, घडी घालून,
पोटातल्या बोलण्यासारखं.

दुपारपर्यंत चारशे बारा.
टिंबाच्या जागी बदाम काढणाऱ्या पोरी,
एका फटकाऱ्यात उरकणारा बँकेचा मॅनेजर,
नवं आडनाव अजून हाताला न बसलेली कुणी.
जुळते. जुळते. जुळते.
मार्जीन थर्मासमधून मला कॉफी ओतते.
चर्चमध्ये ती चार वर्षं माझ्या बाकावर बसलेली नाही.
साखर किती, हे मात्र विचारत नाही. तिला माहीत आहे.

मग एल्डन शॅफर्ट.
उजवीकडे काळ्या दगडावरची रेघ.
डावीकडे वादळानंतरचं तारेचं कुंपण.

"जुळत नाही," मार्जीन म्हणाली.
तिच्याच पक्षाचा माणूस!
बीटच्या शेताच्या कडेला त्याने
तिच्या उमेदवाराचा गोदामाएवढा फलक लावलाय,
आणि त्याच फलकाखाली उभं राहून
पाण्याच्या पाळीवरून माझ्या नवऱ्याला
नको नको ते बोललाय.

मला नुसतं "हं" म्हणायचं होतं.
दोघींचं 'नाही' झालं की पाकीट बाजूला,
मतदाराला पत्र, आठ दिवसांची मुदत.
एल्डन पत्रं उघडत नाही, हे गावाला ठाऊक आहे.
आणि पाणी मंडळाची ती जागा
गेल्या खेपेला आम्ही सहा मतांनी घालवली होती.
सहा.

मी एकोणीस वर्षं शाळेची बस चालवली.
त्याची धाकटी, रोझेला, पुढच्या सीटवर.
मोळ्या बांधायच्या यंत्राने त्याचा हात ओढून घेतला
त्या शरदात तिने सहलीची चिठ्ठी आणली.
सही अशीच. 'एल्डन' थरथरत निघालेलं,
'शॅफर्ट'पाशी पोचेतो दमलेलं.
"ही तूच केलीस ना गं?" मी विचारलं होतं,
सगळ्या बसदेखत.
ती रडली नाही. खिडकीबाहेर बघत बसली,
मे महिन्यापर्यंत.

"जुळते," मी म्हणाले.

मार्जीनने चष्मा काढला.
"कशावरून?"
मी पडद्यावरच्या एका शेपटीवर बोट ठेवलं.
शेपटी खरंच जुळत होती, थोडीशी.
पण नियमात फक्त डोळे आहेत, ओळख नाही,
आणि मी पाहिलं ते पडद्यावर नव्हे,
बसच्या आरशात.

एकीचं 'हो' पुरतं. पाकीट गेलं.
पलीकडे यंत्राने ते चिरलं,
नाव एका खोक्यात, मत दुसऱ्यात.
आता ती दोन परत जोडणं
देवाच्याही हातात नाही.

थोडा वेळ फार बरं वाटलं.
मग मनात आलं, या बरं वाटण्यासाठीच
केलं असेल का मी?
आणि फलक आमच्या उमेदवाराचा असता,
तर मार्जीन "जुळत नाही" म्हणाल्यावर
मी तिला काय काय म्हटलं असतं?
कॉफी गार झाली होती. तशीच प्यायले.

सातला वहीत सह्या करायच्या असतात,
आल्याची एक, गेल्याची एक.
सकाळची माझी सही ताठ, शाळेतल्यासारखी.
खाली संध्याकाळची केली:
अर्धं आडनाव रेघेत बुडालेलं.

मार्जीनने वही आपल्याकडे ओढली.
वरची पाहिली. खालची पाहिली.
टोपण लावून पेन ठेवलं
आणि म्हणाली, "बाहेर निसरडं झालंय,
सावकाश चालव."