चिल

कंधारचा मन्मथ पहिल्या दिवशी डबा घेताना म्हणला,
"चिल, मावशी."
मला वाटलं गार पाणी मागायलाय.
तांब्याभर दिलं. तो हसला, प्याला.

मग कळत गेलं.
भाजी खारट झाली, चिल.
महिन्याचे पैसे थकले, तेही चिल.
भर मे महिन्यात लाइट गेली
अन् पत्र्याच्या खोलीत पाच पोरं घामानं निथळायलीत,
तरी चिल म्हणे!

एकदा बापाचा फोन आला. मार्क किती पडले?
पोरगं आधी गप्प.
मग "चिल ना पप्पा".
हे चिल तेवढं उकळत होतं.

भाकरीसारखाच आहे हा शब्द,
वरून कळत नाही
आत किती कच्चा.

मोठ्या टेस्टच्या निकालादिवशी डबा भरलेलाच परत आला.
गुडघे धरून जिना चढले.
दार बंद.
माझ्याकडं शब्द होते की:
होईल, बघू, देव आहे.
एकही जिभेवर बसंना.

"चिल की रे, मन्मथ," मी म्हणले,
आवाज फाटला माझा मधेच.

बऱ्याच वेळानं आतून,
"असं नसतंय म्हणत, मावशी."

"मग कसं म्हणत्यात
ते बाहेर येऊन सांग.
भाकर गार व्हायलीय."