बरोबर जोखीम आहे

डंडीत साडेतीनलाच दिवस मावळतो.
लायब्ररीच्या तिसऱ्या मजल्यावर
मी दहा हजार वेळा बुडवून बघते
एक काल्पनिक पेन्शन फंड.
बटण दाबलं की बुडतो, दाबलं की तरतो,
आणि आलेखाच्या डाव्या कडेला
बारीक होत गेलेली शेपूट
शून्याला कधीच टेकत नाही.

"तिथे बघायचं," गेडिस बाई म्हणतात,
"घंटेच्या पोटात सगळेच सुखी असतात."
त्यांच्या स्वेटरला कोपरावर रफू.
नव्व्याण्णव टक्के खात्रीने सांगता येतं
उद्या याहून जास्त बुडणार नाही.
उरलेल्या एका टक्क्यावर
पंधरा मार्कांचा प्रश्न येतो.

माझं गणित वेगळ्या वहीत:
अठ्ठावीस लाख, सव्वाअकरा टक्के,
शनिवारी पर्थ रोडच्या बेकरीत सात तास.
पौंड चढला की बाबा फोनवर
आधी हवेबद्दल विचारतात.
बार्शीत त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान,
तांब्याचा भाव तोंडपाठ.
हेजिंग म्हणजे काय, त्यांनी एकदा विचारलं.
म्हटलं, तुम्ही उन्हाळ्याआधी तार भरून ठेवता ना,
पंप जळायला लागायच्या आत, तेच.
थोडा वेळ लाइनवर नुसती खरखर.
मग "बरं" म्हणाले.
एवढ्यासाठी एवढे पैसे, असं म्हणाले नाहीत.

खोलीत चिडेरा आणि मी, मिळून एक हीटर.
नियम असा, की ज्या दिवशी
जिचं चलन जास्त घसरेल
तिने तो पायाशी घ्यायचा.
नायरामुळे जानेवारीभर
माझे पाय गार.

एका तासाला गेडिस बाईंनी विचारलं,
तुमच्या भाषेत रिस्कला काय म्हणता?
चिडेराने तिचा शब्द सांगितला, हसत, दोनदा.
मी म्हटलं, जोखीम.
त्यांनी फळ्यावर लिहिला, चुकीचा,
आणि पुढच्या स्लाइडवर गेल्या.

राहिलंच सांगायचं,
की कर्जाचं मार्जिन भरायला आम्ही सोलापूरला निघालो
पहाटेच्या एसटीने,
आईच्या कमरेला रुमालात पाटल्या,
आणि ती माझ्या कानाशी,
"झोपू नकोस गं. बरोबर जोखीम आहे."
सोन्याला म्हणाली ती.
बँकेतल्या सराफाने जोखल्या,
चार तोळे आणि वर काहीतरी,
ते वरचं त्याने धरलं नाही.
परतीच्या गाडीत आई
मोहोळ यायच्या आत गाढ झोपली,
तोंड किंचित उघडं,
डोकं माझ्या खांद्यावर.
बरोबर आता काही नव्हतं.
मी होते.

आज एडिनबराला मुलाखत.
स्टेशन सुटलं की लगेच पूल लागतो,
आणि शेजारी, पाण्यातून वर आलेले
जुन्या पुलाचे दगडी खुंट.
दीडशे वर्षं होत आली,
डिसेंबरातलं वादळ, मधले गर्डर गेले,
वरून चाललेली गाडीही गेली.
नवा पूल त्यांना घासून बांधला
आणि खुंट तसेच राहू दिले.
त्यांच्यावर पाणकावळे पंख वाळवतात.

वाऱ्याचा इशारा आहे,
गाडी पायी चालल्यासारखी चाललीय.
मांडीवर फाइल, फाइलवर दोन्ही हात.
समोरच्या बाई
विणता विणता पेंगल्या,
लोकरीचा गुंडा माझ्या बुटापाशी आला.
तो उचलून त्यांच्या पिशवीत ठेवते
आणि बसते,
जागी.