फणी

कारखान्यात खांद्यावर पडतं ते तूस,
घरी पडतो तो कोंडा.
वीस वर्षं मी सदरा दाराबाहेर झटकत आलो,
दोन्ही एकदमच.

मग लेकीच्या टाळूवर थर धरला,
पिवळा, तेलकट,
पातेल्याच्या बुडाला लागलेल्या खरवडीसारखा.
भुवयांतही. कानांमागे.
सव्वा महिन्याची. खाजवत नव्हती, रडत नव्हती,
दूध ओढून पीत होती.
रडत होती अनसूया.

शेजारची नरसव्वा विडीचं पान कातरता कातरता म्हणाली,
कुणाचं तरी पाप असतं, असं उतरतं.
आता आमच्या तेलुगूत
तान्ह्या मुलीलाच म्हणतात पाप,
शेवटचा अ किंचित रेंगाळत.
रात्रपाळीला मागापुढं उभा राहून
तो एकच शब्द दोन भाषांत उलटापालटा करत राहिलो.
चार टॉवेलांचे काठ वाकडे गेले.

घरी येऊन नखानं एक खपली काढली.
खाली ओलं, लाल, मोहरीएवढं.
पुढं आठ दिवस ते नख मला माझं वाटलं नाही.

अशोक चौकात बिराजदार डॉक्टरीणबाईंनी
तिचं डोकं पाहिलं. मग न विचारता माझं.
"आजार एकच, वयं दोन.
ही बुरशी सगळ्यांच्याच कातडीवर असते,
काहींना सोसत नाही, एवढंच.
घाण नाही, लागण नाही, दुधाचा दोष नाही.
हिचं बहुधा वर्षाच्या आत जाईल.
तुमचं येत-जात राहील."

तिला अंघोळीआधी थोडं तेल, खपली मऊ होईतो,
मग बाळाचा शांपू, तेल मागं ठेवायचं नाही.
लाली पसरली, पाणी सुटलं, तर लगेच यायचं.
मला औषधी शांपू, आठवड्यातून दोनदा,
फेस पाच मिनिटं डोक्यावर तसाच.
रात्रीचं तेल थापणं बंद.
पाच मिनिटं मोरीत डोळे मिटून बसणं
मला कधी जमलं नव्हतं.

मागावर ताण्याचे धागे ज्यातून ओवतो
तीही फणीच. पोलादी दातांची,
दर धाग्यामागं एक ठोका.
त्याच हातात आता बोटभर ब्रश, बिनदातांचा.
पहिल्या दिवशी तो तिच्या केसांना लागलाच नाही,
नुसता हवेत फिरवला.

गड्ड्याच्या यात्रेत थंडी पडली.
तिचं डोकं केव्हाच स्वच्छ,
माझ्या भुवया पुन्हा पांढऱ्या.
खांद्यावर बसून तिनं माझे केस मुठीत धरले,
मूठ उघडून पाहिली,
आणि फुंकर मारली.