डोळ्यांचा रंग

जेटीवरच्या बर्फाच्या कारखान्यात पावत्या फाडते मी.
गिऱ्हाईक हातांवरून ओळखते.
दोराने कापत गेलेली तर्जनी: फटू कुबल, आठ लाद्या, उधार.
खवल्यांनी चकाकणारं मनगट: रुकय्या पारकर, दोन लाद्या, रोख,
वर सुट्ट्या पैशांवरून भांडण.
चेहरे वर कुठेतरी असतात
उन्हात धरलेल्या पत्र्यासारखे.

शाळेत बाई म्हणायच्या, डोळ्यांत बघून बोल, खोटं बोलतेयस.
खोटं नव्हतं. वही खरंच भरतीत गेली होती.
पण डोळ्यांत बघितलं
की मागे फिरणारी लाट पायाखालची वाळू ओढते
तसे शब्द निघून जातात,
मी नुसती उभी.

कणकवलीला मुलाखतीत साहेबांनी कागदावर लिहिलं
(उलटं वाचता येतं मला, खाली बघून बघून शिकले)
‘आत्मविश्वास कमी’.
त्याच महिन्यात मिठबावची माणसं बघायला आली.
तीच मान, तेवढीच खाली.
‘वळण चांगलं आहे हो मुलीला.’
दाराआड आई हसली.
लवू समोर बसून भिंतीवरची दिनदर्शिका वाचत होता.
संकष्ट्या पाठ झाल्या असतील.

काकांना एकदा होडीत सांगितलं होतं.
ते तांडेल. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडप आहे.
‘खडपाकडे बघीत रवलंस तर थंयच जातलंस.
ता देवळाचा शिखर नि तो वाकडो माड
एका रेषेत धर.
होडी आपसूक भितुर येता.’

तेव्हापासून मी खुणा धरते.
मॅनेजरच्या भुवईतला तीळ.
डॉक्टरांच्या चष्म्यात उघडी असलेली खिडकी.
सासूबाईंचं कुंकू, जरा डावीकडे कललेलं.
बहुतेकांना वाटतं, बघतेय.
रुकय्याला मात्र कळलं: ‘माझ्या कानात काय सापडला गो तुका?’
म्हटलं, डूल.
दुसऱ्या दिवशी ती हिरव्या खड्यांचे घालून आली.

लवूशी बोलते ती कठड्यावर शेजारी बसून,
समोर पाणी.
दिवे गेले की सगळ्यांत जास्त.
चार वर्षं झाली.

काल त्याचा खलाशाचा फॉर्म भरत होते.
उंची. रक्तगट.
ओळखीची खूण: उजव्या पोटरीवर पाखटाच्या काट्याचा व्रण.
न विचारता लिहिलं.
मग रकाना आला, डोळ्यांचा रंग.

पेन थांबलं.
‘वर बघ,’ मी म्हटलं.
मी.

‘काळो लिव. सगळ्यांचो काळोच आसता.’
‘बघ रे वायच.’

त्याने बघितलं.
पापणी फडफडली, त्याची की माझी.
वाळू सरकली. पाय तिथेच ठेवले.
काळे नव्हते.
ओहोटीला खाजणात उरतं ना पाणी,
तळ दिसतो न दिसतो, तसे;
आणि डाव्यात एक तांबूस ठिपका
जो इतकी वर्षं माझ्याच घरात जेवत होता.

तीनपर्यंत मोजलं असेल.
मग दोघंही फॉर्मकडे बघू लागलो.

रकाना अर्ध्या इंचाचा.
‘तपकिरी’ लिहिलं
आणि बॉलपेनच्या शाईवर
फुंकर घालत बसले, उगाच.