बॅटरीचं पाणी

उखर्डू मिस्त्रीला उजवा डोळा नाही.
आधीची तिघं जगली नाहीत म्हणून
आईनं त्याला उकिरड्यावर टाकून पुन्हा उचललं होतं,
यमाला वाटावं, हे कुणाला नकोसं पोर.
यम फसला.
तेजाब फसलं नाही.

जामनेर रोडला त्याचं पत्र्याचं दुकान.
भुसावळचा मे. पत्रा हात लावू देत नव्हता.
मी ई-रिक्षा मागं घेतली, सीट उचललं:
बारा-बारा व्होल्टच्या चार काळ्या पेट्या,
गोठ्यातल्या म्हशींसारख्या खेटून, तहानलेल्या.

"पाणी कधी घातलं होतं?"
मी बोटं मोजायला लागले.
"ऱ्हाऊ दे," मिस्त्री म्हणाला, "समजलं."

"अंगठी काढ."
काढली.
"पाटली बी. काचेच्या असू दे."
मग शाबूत डोळा रस्त्याकडं वळवून,
जरा हळू,
"गळ्यातलं बी काढ, पोरी."

व माय.
हे वाक्य मी आजवर एकदाच ऐकलं होतं,
आत्याच्या ओट्यावर, बायांच्या गराड्यात.
माझा नवरा सुरतेला मागावर आहे.
सकाळीच फोनवर उकाड्याबद्दल बोलला.

"वाकशीन. साखळी लोंबीन.
ह्या बोंडावरून त्या बोंडावर टेकली
की पापणी पडायच्या आत लाल.
सोनं मागून वितळतं, आधी कातडी."

जेवणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवलं मग,
कळण्याच्या भाकरीशेजारी.

त्यानं चष्मा दिला, नाड्यानं बांधलेला.
रबरी मोजे, माझ्या हाताला दोन बोटं मोठे.
आधी काळी वायर सोड, लाल नंतर.
पान्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली.
झाकणं फिरवली. आत टॉर्च मारली.
पत्र्या उघड्या, पांढुरक्या,
उन्हाळ्यात नदीतले दगड वर येतात तशा.

"बुडतीन इतकंच घाल. वरपर्यंत नको.
चार्जिंग झाल्यावर खुणेपर्यंत."
"नळाचं चालेल?"
"तापीमाय आपल्याले चालते,
शिशाले चालत नाही. बाटलीतलंच."
"आणि तेजाब?"
"ते कशाले? उडतं ते पाणी. तेजाब तठीच ऱ्हायतं."

मोज्यांत हात घामेजले होते.
तो बोलत गेला, मी न विचारता.
एकोणीस वर्षांचा होता. दुकान दुसऱ्याचं.
पाण्यात तेजाब सोडायचं असतं, बारीक धारेनं.
त्यानं तेजाबात पाणी ओतलं.
एवढंच. मागचं पुढं.
"धावत नळाशी गेलो.
त्या दिवशी नळाले पाणी नव्हतं."

तेव्हा मला दिसली
दारातली निळी बादली, काठोकाठ, झाकलेली.
वर सोड्याचा डबा.
आल्यापासून तीनदा मी तिला पाय लावत होते
आणि तीनदा तो ओरडला होता.

बोंडांवरची हिरवट साय सोड्यानं घासली,
पुसून व्हॅसलीन लावलं, बाळाच्या टाळूला लावतात तसं.
"चार्जिंगले कुठी लावते?"
"सैपाकघरात. शेगडीपाशी बोर्ड आहे."
मिस्त्रीनं फडकं खाली ठेवलं.
बराच वेळ काही बोलला नाही.
"त्या वायूले वास नसतो," म्हणाला.
"आपल्याले नाही समजत. ठिणगीले समजतं."

संध्याकाळी गल्लीत शिरले तर
इंदूमावशीनं हातातली कळशी खाली ठेवली.
माझ्या गळ्याकडं बघत राहिली.
"काय झालं वं?"
मी दचकले, हात गळ्याशी गेला.
"काही नाही. पाणी घालू राह्यली होती,
बॅटरीत."
तिला ते पटलं की नाही कोण जाणे,
पण तिनं कळशी उचलली नाही.

डबा उघडला. वाटीला भाकरीचं पीठ,
ठेच्याचं तेल. पुसून घातलं.
वायर खिडकीतून अंगणात काढली,
निंबाखाली रिक्षा, सीट उघडं.
रात्री चारी पेट्या बारीक रटरटत होत्या.
मी जवळ जाऊन श्वास घेतला.
खरंच, कसलाच वास नाही.
खिडकीच्या फटीत जुनी चादर कोंबली
आणि शेगडी न पेटवता
सकाळचीच भाकरी खाल्ली.