उद्या या, आज रबर नाही

बोहरी आळीतून आत वळलं की
डावीकडे तिसरं दुकान, असं मीच लिहिलं होतं.
मोईझभाई कुकर दुरुस्त करतात.
स्टोव्ह, बंबाची तोटी, क्वचित एखादी इस्त्रीसुद्धा.
कुकर कानाशी धरतात, टिचकी मारतात
आणि सांगतात, गळती झाकणात आहे की घरात.

करतात, धरतात, मारतात.
खांबेटेबाईंनी शाळेत शिकवलं होतं,
जे रोजच खरं, ते साध्या वर्तमानकाळात लिहावं.
सूर्य पूर्वेला उगवतो.
मोईझभाई साडेदहाला शटर वर करतात.

लेखावर तेव्हा तारीख होती.
मग ऑफिसात ठरलं, तारखा काढायच्या.
तारीख दिसली की माणूस ब्रेडच्या पुड्यासारखा
लेख उलटा करून बघतो
आणि परत फळीवर ठेवतो, अद्वैत म्हणाला.
आपला मजकूर सदाबहार आहे, मुक्ता.
मला ते पटलंही होतं.
चकलीच्या भाजणीचं प्रमाण
माझ्या पणजीच्या वेळचं, आजही चुकत नाही,
त्याला कशाला हवी तारीख?
एका बटणात साडेचार हजार लेखांचं वय गेलं.

परवा फोनला काच बसवायला त्याच गल्लीत गेले.
डावीकडे तिसरं दुकान.
टांगलेली कव्हरं, जांभळी, चमकीची.
पायरीशी एक गृहस्थ, हातात नायलॉनची पिशवी,
पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला पाच लिटरचा कुकर.
बार्शीहून लेकीकडे आलेले,
तिच्या रुखवतातला कुकर, नवा घ्यायला ती तयार नाही.
"पण इथं लिहिलंय," फोन पुढे करून ते म्हणत होते,
"दुरुस्त करतात. करायचे, असं नाही. करतात."
काउंटरवरचा पोरगा म्हणाला,
काका, या महिन्यातले तुम्ही चौथे.

मी माझं नाव सांगितलं नाही.
काच बसली. कोपऱ्यात एक बुडबुडा राहिला.

संध्याकाळी तस्नीमबेनना फोन केला.
किती वर्षं झाली, हे विचारायला जीभ रेटेना.
तारीख टाकू का लेखावर, म्हटलं,
आणि खाली एक ओळ, की ते आता
"टाक ना," त्या म्हणाल्या.
मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"ते वाक्य तेवढं काढू नको.
उद्या या, आज रबर नाही.
मी कधी कधी त्याच्यासाठीच उघडते."

जुनी तारीख कुठेच शिल्लक नव्हती.
रिकाम्या चौकटीत यंत्र आपणहून आजची भरत होतं.
लेखातच शोधलं. एक वाक्य सापडलं,
लक्ष्मी रस्ता खणलेला आहे.
त्यावरून पुण्यात वर्ष ठरत नाही.
शिट्टी पस्तीस रुपये.
पण मोईझभाई भाव वाढवायला विसरतात,
हेही मीच लिहिलेलं.

शेवटी चमच्यांच्या खणात, कागदाखाली, त्यांची पावती मिळाली.
निळा कार्बन, तिरकं अक्षर.
शिट्टी १, रबर १. दिनांक १२/३.
वर्ष नाही.
ज्याचा कुकर, तो आठवड्यात न्यायला येतोच,
त्याला वर्ष कशाला सांगायचं?

मी बारा मार्च टाकलं, अदमासानं वर्ष टाकलं,
आणि पुढे लिहिलं, बहुधा.
तारखेत बहुधा कोण लिहितं, अद्वैतनं विचारलं.
खाली एक ओळ घातली:
दुकान आता नाही, कुकर घेऊन हेलपाटा घालू नये.
भाजणीला अजून तारीख नाही. तिचं बघू.

क्रियापदं मात्र मी हलवली नाहीत.
वर तारीख आहे.
तिच्याखाली साडेदहा वाजतात,
मोईझभाई शटर वर करतात.