गट ड

जूनमध्ये मला नाव नसतं, मी खिडकी तीन.
सिडकोतून, अंबडहून, पार सिन्नर फाट्यावरून पोरं येतात
नाशिकरोडच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात,
हातात दहावीची गुणपत्रिका,
लॅमिनेशन अजून गरम.

इंग्रजी सक्तीचं, मी सांगतो.
मराठी की आयटी? आयटीला मार्क पडतात
(हे मी सांगायचं नसतं, पण सांगतो).
पर्यावरण सक्तीचं, पीटी सक्तीची.
पस्तीस पाहिजेत प्रत्येकात,
हजेरी पंचाहत्तर टक्के, नाहीतर हॉलतिकीट अडतं.
उरलेले चार विषय तुझे.
तुझे म्हणजे
चार गटांतून एकेक.

अश्लेषा गांगुर्डे. ब्याऐंशी पॉइंट चाळीस.
वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंत्राटावर.
म्हणाली, गणित आणि भूगोल.
म्हटलं, एक.
म्हणाली, दोन्ही.
मागे रांग सायकल स्टँडपर्यंत,
पंखा फक्त माझ्या बाजूला.
फॉर्म तिच्याकडे फिरवून बोट ठेवलं:
गणित किंवा भूगोल.
'किंवा'वर बरोबर बोट पडतं माझं,
न बघता.

हा 'किंवा' कोणी घातला, तिनं विचारलं.

एकोणीस वर्षांत हा प्रश्न आला नव्हता.
फीचा हप्ता विचारतात, झेरॉक्स कुठं मिळेल विचारतात,
एकानं तर माझा पगार विचारला होता.
बोर्डानं, असं म्हणून मी पुढचा नंबर पुकारला.

तिनं गणित घेतलं.
पोच नीट घडी करून कंपासपेटीत ठेवली.

बोर्डाच्या परिपत्रकात तो नव्हता.
सापडला आमच्याच लोखंडी कपाटात,
वाळवीनं कडा खाल्लेल्या वेळापत्रकात, सन अठ्ठ्याण्णव.
भूगोलाचे दुसाने सर मनमाडहून यायचे,
परतीची गाडी एक चाळीसची,
म्हणून भूगोल अकराला,
आणि अकराला गणित आधीच होतं.
बस, एवढंच.
सर निवृत्त झाले. गाडीची वेळ बदलली,
मग गाडीच बंद झाली.
'किंवा' कायम, पेन्शनसकट.

उपप्राचार्यांना कागद नेऊन दाखवला.
वाचला त्यांनी, हसले,
पुढच्या वर्षी बघू म्हणाले,
आणि त्याच कागदावर चहाचा कप ठेवला.

डिसेंबरात सकाळी सव्वासातला
कुलपं उघडत निघालो होतो, तोंडातून वाफ,
तर कला शाखेच्या भूगोलात, शेवटच्या बाकावर, ती.
एकलहऱ्याहून पहिल्या बसनं येते म्हणे.
हजेरीपटात नाव नाही तिचं.
लोखंडे मॅडम तळाच्या रेघेवर पेन्सिलीनं लिहितात
आणि महिनाअखेर खोडतात,
तपासणीत कटकट नको म्हणून.
बाकीची पोरं पेंगत होती.
ती उभी राहून सांगत होती,
पांडवलेण्याच्या डोंगरात लाव्हाचे थर किती दिसतात,
रविवारी जाऊन स्वतः मोजलेले.
मॅडम म्हणाल्या, पुस्तकात एवढे नाहीत गं.
ती म्हणाली, डोंगरात आहेत.

बारावीला पास झाली, चांगलीच झाली.
दाखला मीच टाइप केला.
विषयांच्या रकान्यात सहा नावं
आणि पर्यावरणाची श्रेणी. अटी सगळ्या पूर्ण.
सातव्याला जागा नव्हती;
मी कर्सर तिथं थोडा वेळ लुकलुकू दिला.

यंदा फॉर्मचं प्रूफ माझ्याकडं आलं तपासायला.
खोडायचा अधिकार मला नाही.
गट ड पाशी पेन्सिलीनं
एक बारीक प्रश्नचिन्ह केलं, साहेबांना विचारायचं म्हणून,
आणि विसरलो.
छापखान्यानं ते तसंच छापलं.
दोन हजार प्रती:
गणित किंवा भूगोल?

आता खिडकीशी येणारं प्रत्येक पोर
ते प्रश्न असल्यासारखं वाचतं
आणि मान वर करून बघतं माझ्याकडं.